नदीकाठचा पट्टेवाला

पहिल्या भेटीतच एखादा माणूस आवडला की मी सावध होतो. वजनमापे निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढली आहेत. ज्या दुकानात "या साहेब, बसा साहेब" जरा जास्त होतं, तिथला तराजू आधी उलटा करून बघायचा, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, बुडातलं शिसं खरवडून काढलेलं वजन, तळ आत ठोकलेलं लिटरचं माप, सगळं पाहिलं. मालक सगळेच्या सगळे हसतमुख होते. त्यामुळे पट्टेवाला पहिल्यांदा माझ्या दारात उभा राहून हसला, तेव्हा मनात पाल चुकचुकली ती काही उगाच नाही.

त्याला ठरवलं माझ्या मुलीने. तेही परस्पर, फोनवरून, दुसऱ्या शहरात बसून. माझ्या गुडघ्याने संप पुकारला होता आणि कुत्र्याला फिरवायला घरात दुसरं कोणी नव्हतं. बायको जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते, तोवर मीच त्याला इमारतीच्या आवारात फिरवत होतो. कुत्रा तसा तिचाच. कपाळावर बरोबर मधोमध काळा गोल ठिपका, म्हणून तिने त्याचं नाव शिक्का ठेवलं. मी वजनांवर शिक्के मारत फिरायचो आणि घरी आलो की हा भुंकायचा.

"बाबा, माणूस चांगला आहे. सगळे म्हणतात," मुलगी म्हणाली.

"सगळे म्हणतात म्हणजे कोण कोण म्हणतात?"

"झालं सुरू," असं म्हणून तिने फोन ठेवला.

पहिल्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. एकदाच, तीही आखूड. दार उघडलं तर समोर कोणी नाही. हा गृहस्थ दाराच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभा होता. पंचावन्नच्या आसपासचा, बारीक, इस्त्रीचा शर्ट, हातात पट्टे. मी काही विचारायच्या आत शिक्का माझ्या पायांमधून सुसाट बाहेर गेला आणि त्याच्या छातीवर दोन पाय टेकून उभाच राहिला. अनोळखी माणसाला हा कुत्रा साधं हुंगतही नाही. मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं: आधीची ओळख असावी. कशी?

पट्टेवाला हे काही त्याचं नाव नव्हे. एका विमा कचेरीत बावीस वर्षं तो पट्टेवाला होता. खांद्यावरून तिरपा पट्टा, त्यावर पितळी बिल्ला, साहेबांच्या खोलीबाहेर स्टूल. बेल कशी वाजते त्यावरून साहेबांचं बिनसलंय की नुसता चहा हवाय, हे त्याला कळायचं म्हणे. मग कचेरीचं काम संगणकावर गेलं, फायली इकडून तिकडे न्यायला माणूस लागेनासा झाला, आणि स्टूल गेलं. आता तो कुत्री फिरवायचा. "आधी एक पट्टा मला फिरवायचा, साहेब, आता मी सहा फिरवतो," असं तो म्हणायचा. विनोद बरा होता. पण विनोद करणारे दुकानदारही मी आधी तपासायचो.

कुत्र्यांनाही त्याने कचेरीतली पदं देऊन टाकली होती. तळमजल्यावरचा म्हातारा, जाडजूड कुत्रा म्हणजे मॅनेजर. तो निघाल्याशिवाय कोणी निघायचं नाही. चौथ्या मजल्यावरची सतत टकटक भुंकणारी पांढरी कुत्री टायपिस्टबाई. शेजारच्या इमारतीतली दोन भावंडं जावक-आवक. एक वाहतं नाक असलेला हेडक्लार्क होता. सहाच्या सहा जण त्याच्या डाव्या हाताला रांगेने चालायचे, पट्ट्यांचा गुंता नाही, ओढाताण नाही. मी गॅलरीतून बघायचो. इतकी शिस्त भीतीने येते किंवा खाऊने, असं माझं मत होतं.

आमच्या इमारतीच्या फाटकासमोरून नदीकाठची पायवाट सुरू होते. तोंडाशीच पाटी आहे: जुनं पंपघर, एक किलोमीटर चारशे मीटर. म्हणजे जाऊन येऊन दोन किलोमीटर आठशे मीटर. दर खांबाला पाय वर करायचा वेळ धरला तरी पाऊण तास. हे लोक परत यायचे सव्वा तासाने. रोज. माझी बायकोही शिक्क्याला घेऊन याच वाटेने जायची, तिला तर दीड तास लागायचा. पण ती सावकाश चालायची. ती आली की मी दार उघडताना घड्याळाकडे बघायचो आणि "एवढा वेळ?" म्हणायचो. ती म्हणायची, "कुत्रा रमतो हो." विषय संपायचा.

पट्टेवाल्याला मी आडवळण न घेता विचारलं. "पाऊण तासाची वाट आहे. तुम्हाला सव्वा तास कसा लागतो?"

"कुत्र्याच्या मनावर असतं, साहेब."

"कुठल्या कुत्र्याच्या?"

त्याने शिक्क्याकडे बघितलं आणि लगेच मान वळवली. "आहे जरा रेंगाळणारा."

"आणि बाकीचे पाच?"

"त्यांची ना नसते."

तराजूवर बोट ठेवणारा माणूस नेमका असाच दुसरीकडे बघतो. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, याची मला खात्री पटली. दर रविवारी मी शिक्क्याचं वजन करायचो. आधी काट्यावर एकटा उभा राहायचो, मग त्याला उचलून, आणि दोन्हीतला फरक लिहायचा. चौदा किलो दोनशे ग्रॅमवरून तीन महिन्यांत चौदा किलो नऊशे. रोज सव्वा तास चालणारा कुत्रा जाड होतोच कसा? त्याच्या तोंडाला बिस्किटाचा वास यायचा. आणि पंजांना पायवाटेच्या काळ्या मातीऐवजी ओली, बारीक वाळू. वाळू पायवाटेवर नाही, ती खाली पाण्याजवळ आहे. म्हणजे हा माझ्या कुत्र्याला वाट सोडून कुठेतरी न्यायचा, काहीतरी खायला घालायचा, आणि मला सांगायचा नाही. सगळं वहीत, तारीखवार.

अशात एका बुधवारी त्याने चुकून शिक्क्याच्या गळ्यात टायपिस्टबाईचा लाल पट्टा ठेवला आणि आमचा घेऊन गेला. निमित्त आयतंच मिळालं. वॉचमनकडून पत्ता घेतला आणि काठी टेकत गेलो.

दोन गल्ल्या सोडून एका लाँड्रीच्या मागे त्याची खोली होती. त्याची बायको लाँड्रीतच इस्त्री करते. तिने इस्त्री बाजूला उभी केली आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. संशयाने बघणं म्हणजे काय, हे मला जन्मात पहिल्यांदा समोरच्या बाजूने कळलं.

"ते नाहीत. काय काम होतं?"

"पट्टा बदललाय."

"मग सकाळी आणलाच असता त्यांनी. चालत कशाला आलात त्या पायाने?" असं म्हणत तिने मागचं दार ढकललं.

खोली म्हणजे एक पलंग, एक टेबल आणि खिडकीत वाळत घातलेले मोजे. भिंतीवर ओळीने खुंट्या. प्रत्येक खुंटीवर खडूने लिहिलेलं: मॅनेजर, टायपिस्टबाई, आवक, जावक. सातव्या खुंटीवर त्याचा जुना पट्टा, बिल्ला घासूनपुसून चकचकीत. आणि आठव्या खुंटीवर छत्री.

निळी छत्री, लाकडी मूठ. मुठीवर दातांच्या खुणा. शिक्का पिल्लू असताना त्याने ती मूठ चावली होती, आणि बायकोने ती फेकू दिली नव्हती. नंतर कधीतरी ती हरवली. "कुठे हरवली?" असं मी तिला निदान चार वेळा विचारलं होतं. "आठवत नाही," एवढंच ती म्हणाली होती.

मी पट्टा बदलून घेतला आणि एक शब्द न बोलता बाहेर पडलो. तुम्ही म्हणाल, तिथेच विचारायचं. पण निरीक्षक आधी विचारत नाही. विचारलं की माणूस तयारीला लागतो. निरीक्षक पंचनामा करतो.

त्याच संध्याकाळी इमारतीच्या सेक्रेटरींच्या नावाने अर्ज लिहिला. सदर इसम कुत्र्यांना नेमल्या वाटेने नेत नाही, मालकाच्या परवानगीवाचून खाऊ घालतो, आणि माझ्या मृत पत्नीची वस्तू त्याच्या ताब्यात आढळली. सबब त्यास इमारतीत प्रवेशबंदी करावी. अक्षर माझं अजून वळणदार आहे. सेक्रेटरींना लिफ्टमधल्या कुत्र्यांच्या केसांचा आधीपासून राग. त्यांनी अर्ज वाचला आणि त्यांना आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. गुरुवारी फलकावर नोटीस लागली: रविवारी अकरा वाजता बैठक. शेजारच्या इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे यांचे मेहुणे. इकडे दार बंद झालं की तिकडचंही बंद. म्हणजे सहाच्या सहा कुत्री गेली, आणि या वयात पट्टेवाल्याचं दुसरंही स्टूल गेलं. हे मला तेव्हा ठाऊक होतं. खोटं वाटेल, पण बरं वाटलं होतं.

शुक्रवारी सकाळी तो फलकासमोर उभा राहून नोटीस वाचताना मी जिन्यातून बघितला. सहा कुत्री शांत बसलेली. मग वर येऊन त्याने बेल वाजवली, एकदा, आखूड.

"साहेब, नोटीस वाचली. अर्ज तुमचा आहे."

"आहे."

त्याने गयावया केली नाही, खुलासाही केला नाही. नुसता पट्ट्याच्या कडीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "रविवारपर्यंत शिक्क्याला नेऊ ना?"

"न्या," मी म्हटलं. कारण शनिवारी मला त्याला रंगेहाथ पकडायचं होतं.

शनिवारी सकाळी शिक्क्याला वॉचमनकडे सोपवून पावणेसातला त्याच्याआधी मी टॅक्सीने मागच्या रस्त्याने पंपघरापाशी उतरलो आणि पायवाटेने उलटा चालत आलो. या वाटेवर मी आठेक वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या वर एकमेकींत शिरलेल्या, खाली भर सकाळी दिवेलागणीसारखा उजेड. नदी दिसायची नाही, पण तिचा आवाज सोबत यायचा. मातीवर ओली पानं, माझी काठी दर चार पावलांना घसरायची. मधल्या वळणावर डावीकडे पाच-सहा दगडी पायऱ्या खाली उतरतात. पायऱ्यांच्या तोंडाशी ओली वाळू दिसली आणि मी ओळखलं, इथेच. खाली पाण्याजवळ एका मोठ्या झाडाखाली बाक होता. मी झाडाच्या मागे गेलो आणि एकाहत्तराव्या वर्षी चोरासारखा उभा राहिलो.

सात वाजून एकवीस मिनिटांनी ते आले. पट्टेवाल्याने वरच्या कठड्याला पाच जणांना बांधलं, मॅनेजरला सर्वांत सावलीत. शिक्क्याला मात्र मोकळं सोडलं. तो पायऱ्या उतरून धावत आला, बाकावर चढला, डावा कोपरा नीट हुंगला आणि उजव्या कोपऱ्यात बसला. डावा कोपरा मोकळा ठेवून. आणि पायऱ्यांकडे टक लावून बघत राहिला.

पट्टेवाला बाकाशेजारी उभा राहिला, दाराबाहेर उभा राहतो तसा. खिशातून डबी काढून त्याने एक बिस्किट दिलं. मग दोघंही नुसते थांबले. पाच मिनिटं. दहा. वरून पाखरं घाण करत होती, तेव्हा त्याने काखेतल्या कापडी पिशवीतून निळी छत्री काढून उघडली आणि त्या मोकळ्या कोपऱ्यावर धरली. कुत्र्यावर नाही, स्वतःवर नाही. रिकाम्या जागेवर.

मला तिथे आणखी उभं राहवेना. मी झाडामागून बाहेर आलो. शिक्क्याने मला बघून शेपटी हलवली, पण बाकावरून उतरला नाही.

"ही छत्री माझ्या बायकोची आहे," मी म्हटलं. आवाज दरडावणीचा काढायचा होता, तो तसा निघाला नाही.

"हो, साहेब." तो दचकला नाही. "बाई इथे बसायच्या. सहा वर्षं. मी बाकीच्यांना घेऊन वरून जायचो, तेव्हा ओळख झाली. पाखरांमुळे छत्री लागायची. शेवटी शेवटी त्यांच्याच्याने धरवत नव्हती, मग मीच जवळ ठेवायचो, मीच धरायचो. एक दिवस त्या आल्याच नाहीत. छत्री माझ्याकडे राहिली."

"मग आणून का नाही दिलीत?"

"कुठून आणली ते सांगावं लागलं असतं. बाक कोणाला सांगायचा नाही, असा शब्द घेतला होता त्यांनी. तुमच्याकडे कामाला लागलो तेव्हाही मनात आलं, सांगून टाकावं. पण शब्द तर तुम्हालाच न सांगण्याचा होता. आणि हा काही ऐकत नाही. पहिल्या दिवशीच मला खेचत इथे घेऊन आला. वाट बघून झाल्याशिवाय उठत नाही."

"काय करायची ती इथे?"

"काही नाही. बसायच्या."

"नुसतं बसायला लपवायचं काय त्यात?"

त्याने छत्रीची मूठ दुसऱ्या हातात घेतली. मी पुन्हा विचारलं. तपासणीत मी असंच विचारायचो, उत्तर येईपर्यंत तेच.

"त्या म्हणायच्या," तो हळूच म्हणाला, "घरी सांगितलं, तर किती मिनिटं बसलीस ते विचारतील."

चौतीस वर्षं लोकांनी मला काय काय म्हटलं असेल. शिव्या ऐकल्या, धमक्या ऐकल्या, एकाने तर अंगावर वजन फेकलं होतं. पण हे लागलं. कारण ते खरं होतं. मी विचारलंच असतं. दारातच विचारलं असतं, तिच्या हातातला पट्टा घ्यायच्या आधी.

मी बाकाच्या त्या मोकळ्या कोपऱ्यात बसलो. शिक्क्याने मला हुंगलं, विचार केला, आणि उजवा पंजा उचलून माझ्यासमोर धरला.

"हे काय?"

"तपासणी, साहेब," पट्टेवाला म्हणाला. "निघायच्या आधी बाई पंजा बघायच्या. उलटा करून, डोळे बारीक करून. मग 'पास!' म्हणायच्या. त्याशिवाय हा हलायचा नाही. आणि त्या खूप हसायच्या."

घरात मी भाजी, पीठ, दुधाचं माप, सगळं तपासून "पास" म्हणायचो. लग्नापासूनची खोड.

"मला हसायची ती?" मी विचारलं. "चिडून, की कौतुकाने?"

त्याने बराच विचार केला. दुसऱ्या कोणीही म्हटलं असतं, कौतुकाने हो साहेब, कौतुकाने. विधुर माणसासमोर तेवढं म्हणायला काही लागत नाही.

"ते मला नाही सांगता येणार," तो म्हणाला.

तिथे माझा संशय संपला. हा माणूस पारड्यात काही टाकणारा नव्हता, काढणाराही नव्हता. मी शिक्क्याचा पंजा हातात घेतला, उलटा केला. बोटांमध्ये ओली वाळू होती. तो शब्द मात्र तोंडातून फुटेना. शेवटी पट्टेवालाच मागून म्हणाला, "पास." कुत्रा टुणकन उतरला.

रविवारी अकरा वाजता गाड्यांच्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पट्टेवाला खांबाला पाठ लावून, कडेला. सेक्रेटरींनी माझा अर्ज मोठ्याने, चवीने वाचला. मी उठून म्हटलं, अर्ज मागे घेतो.

"असं कसं?" सेक्रेटरी म्हणाले. "घातपातासारखं लिहिलंय तुम्ही! बाकीच्या लोकांचीही कुत्री असतात याच्याकडे. वाट सोडून हा नेतो कुठे, ते कळायला नको?" ते खांबाकडे वळले. "बोला. कुठे नेता?"

पट्टेवाल्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. "ते मला सांगता येणार नाही," तो म्हणाला.

लोकांत कुजबुज झाली. टायपिस्टबाईच्या मालकीणबाई म्हणाल्या, मग विचार करायला हवा. दोन-तीन माना डोलल्या. सेक्रेटरींनी पेनाचं टोपण काढलं. हा माणूस शब्दापायी सहाच्या सहा पट्टे घालवून बसणार होता, आणि तो शब्द ज्याच्यापासून राखायचा होता तो मी तर समोरच उभा होतो.

"मी सांगतो," मी म्हटलं. "नदीवर एक बाक आहे. माझी बायको रोज तिथे जाऊन बसायची. सहा वर्षं. मला माहीत नव्हतं, कारण तिने मला सांगितलं नाही. घरी माझ्यासमोर तिला निवांत बसता येत नव्हतं. कुत्रा अजून तिथे तिची वाट बघतो, आणि हे त्याच्यासोबत थांबतात. छत्री तिनेच यांच्याकडे ठेवली. यात गुन्हा असेल तर तो माझा आहे."

मला सगळ्यांच्या नजरा अंगावर जाणवत होत्या. शरम वाटली. आणि शरम वाटूनही मी बसलो नाही.

सेक्रेटरींना काहीतरी विचारणं भाग होतं. "पण म्हणजे, थांबतात तरी किती वेळ? रोज?"

वही माझ्या शर्टाच्या खिशात होती. चार महिन्यांच्या तारखा, निघाल्याची वेळ, परत आल्याची वेळ, आणि कालची शेवटची नोंद: सात एकवीस ते सात एकोणपन्नास.

"मोजलं नाही," मी म्हटलं.

चौतीस वर्षं नोकरी आणि तेरा वर्षं निवृत्ती, एवढ्या काळात माझ्याकडून गेलेला हा पहिला खोटा दाखला. सेक्रेटरींनी टोपण परत लावलं. लोक खुर्च्या सरकवून उठले. खांबापाशी पट्टेवाला मान खाली घालून पट्ट्यांचा गुंता सोडवत होता, जो मुळात झालेलाच नव्हता. तो हसत होता, असा मला संशय आहे.